जुन्या टर्नटेबलसाठी नवं कार्ट्रिज : आधी आर्म, मग कॅटलॉग

जुनं टर्नटेबल घरात आलं की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात कार्ट्रिजची, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि तिच्या हालचालीचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाची, यादी उघडतात. कुठल्या कार्ट्रिजची स्तुती झाली आहे ते वाचतात, खिशाला परवडेल ते घेतात, बसवतात, आणि मग आवाजात काहीतरी बिघडलंय म्हणून फोनो प्रिअँप (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) बदलायला निघतात. दोष बहुतेक वेळा कार्ट्रिजचा नसतो, प्रिअँपचाही नसतो. निवड उलट्या टोकाकडून झालेली असते. कोणतं कार्ट्रिज चालेल हे तुमचा आर्म, म्हणजे कार्ट्रिज धरून रेकॉर्डवर फिरणारा दांडा, ठरवतो. त्याला न विचारता घेतलेलं महागडं कार्ट्रिज साध्या पण जुळणाऱ्या कार्ट्रिजपेक्षा वाईट वाजतं, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो आहे.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले चार टप्पे पुरे होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

## टप्पा १ : आर्म निरोगी आहे का ते पाहा

चाळीस वर्षं पडून राहिलेल्या आर्मवर नवं कार्ट्रिज लावणं म्हणजे वाकलेल्या चाकावर नवा टायर चढवणं. सध्याच्या सुईवर टोपण लावा, अँटिस्केटिंग (आर्मची रेकॉर्डच्या मध्याकडची ओढ थोपवणारी व्यवस्था) शून्यावर आणा, आणि काउंटरवेट (आर्मच्या मागचं तोलाचं वजन) फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा तोलून घ्या.

आता हलकी फुंकर मारा. आर्म अलगद सरकला पाहिजे आणि कुठेही न अडखळता थांबला पाहिजे. एखाद्या जागी तो नेहमी अडत असेल तर बेअरिंग सुकलेलं आहे, किंवा आतल्या बारीक तारा ताणल्या गेल्या आहेत. मग हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकावरचा कार्ट्रिज बसवायचा भाग, दोन बोटांत धरून अगदी हळुवार पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग सैल आहे. दोन्ही बाबतींत आधी दुरुस्ती करा, खरेदी नंतर.

काउंटरवेटचा मागचा दांडा खाली झुकलेला दिसतो का तेही पाहा. काही आर्ममध्ये काउंटरवेट आणि नळी यांच्यात रबर असतं आणि ते वयाबरोबर लोंबकळतं. आर्म खाली सोडणाऱ्या लिफ्टमधलं घट्ट तेल सुकलेलं असेल तर आर्म धाडकन आदळतो; नव्या सुईसाठी याहून वाईट काही नाही. हेडशेल सुटं होणारं असेल तर त्याच्या मागच्या चार पिना आणि आर्मच्या तोंडातले चार संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एक बाजू मधूनच गायब होण्याचं कारण अनेकदा इतकंच असतं.

इशारा : टर्नटेबल पूर्ण स्वयंचलित असेल तर रेकॉर्डच्या शेवटी आर्म उचलणारी यंत्रणा आर्मच्याच हालचालीवर चालते. सुईवर एक ग्रॅमच्या आसपास भार ठेवून चालणाऱ्या नाजूक कार्ट्रिजला ती यंत्रणा ढकलणं जड जातं. अशा टर्नटेबलवर दीड ते दोन ग्रॅम भाराचं कार्ट्रिज जास्त सुखाने नांदतं.

आणखी एक : मूळ कार्ट्रिज सिरॅमिक किंवा क्रिस्टल जातीचं असेल तर इथेच थांबा. त्याचं आउटपुट शेकडो मिलिव्होल्ट असतं, त्यामुळे ते फोनो प्रिअँपशिवाय वाजतं. तो आर्मही बहुधा चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भारासाठी बनलेला असतो. त्यावर चुंबकीय कार्ट्रिज लावून सुधारणा होत नाही, सुई मात्र मोडते.

## टप्पा २ : कार्ट्रिज कसं जोडलं जातं ते ओळखा

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण इथे चुकलात तर पार्सल परत पाठवावं लागतं.

सर्वाधिक आढळणारी जोडणी दोन स्क्रूंची. स्क्रूंच्या मध्यांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. बाजारातली बहुतेक कार्ट्रिज याच मापाची असतात.

दुसरी पी-माउंट. यात कार्ट्रिज मागच्या चार पिनांवर सरळ आत ढकललं जातं आणि बाजूचा एक स्क्रू ते धरून ठेवतो. या पद्धतीत कार्ट्रिजचं वजन ६ ग्रॅम आणि सुईचा भार १.२५ ग्रॅम असं ठरवूनच टाकलेलं होतं. त्यामुळे पुढचं बरंचसं गणित तुम्हाला लागू नाही. सुईचा आकार तेवढा निवडायचा.

तिसरा गट कंपन्यांच्या खास जोडण्यांचा. बँग अँड ओलुफसेनच्या आर्मवर त्यांचीच रचना बसते. ड्युअलच्या अतिहलक्या आर्मसाठी अर्ध्या इंचाचा अडॅप्टर मिळतो, पण अडॅप्टर आणि साधं कार्ट्रिज मिळून वजन वाढतं. तेवढं तोलायला काउंटरवेट मागे जाऊ शकतं का, हे आधी पाहा.

## टप्पा ३ : आर्म आणि कार्ट्रिजची जोडी जुळवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

सुई एका बारीक दांडीच्या टोकावर असते आणि ती दांडी रबरावर टेकलेली असते. हे रबर किती मऊ आहे याच्या आकड्याला कॉम्प्लायन्स म्हणतात. वर आर्मचं जडत्व आणि खाली हे रबर, अशी ही स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी जोडी आहे. अशा जोडीला स्वतःची एक झुलण्याची गती असते. ती गती आठ ते बारा हर्ट्झच्या मधे पडली पाहिजे. सहा हर्ट्झच्या खाली वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे असतात, आणि वीस हर्ट्झच्या आसपास संगीत सुरू होतं. या दोघांच्या मधली ही मोकळी जागा आहे.

सूत्र असं :

हर्ट्झ = १५९ ÷ √(एकूण वस्तुमान × कॉम्प्लायन्स)

एकूण वस्तुमान म्हणजे आर्मचं प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची बेरीज, ग्रॅममध्ये. स्क्रूंसाठी साधारण ०.८ ग्रॅम धरा.

प्रभावी वस्तुमान, म्हणजे सुईला जाणवणारं आर्मचं जडत्व, काट्यावर मोजता येत नाही. काउंटरवेट कितीही जड असलं तरी ते टेकूच्या जवळ असल्याने त्याचा वाटा थोडा, आणि टोकावरच्या हेडशेलचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ पुरा मोजला जातो. आकडा मूळ माहितीपुस्तिकेत शोधा. टेक्निक्स एसएल-१२०० चा आर्म हेडशेल धरून १२ ग्रॅमचा. एसएमई ३००९ च्या स्थिर हेडशेलच्या सिरीज टू इम्प्रूव्ह्ड आवृत्तीचा साडेसहा ग्रॅमचा. थॉरेन्सचा जुना टीपी-१६ साडेसोळा ग्रॅमचा, आणि त्याच नावाची नंतरची आयसोट्रॅक आवृत्ती साडेसात ग्रॅमची. नाव एकच, आकडा निम्म्याहून कमी. म्हणून मॉडेलच्या नावावर समाधान मानू नका, आवृत्तीही बघा.

आकडा मिळालाच नाही तर अंदाज असा : सुटं धातूचं हेडशेल असलेला इंग्रजी एस आकाराचा आर्म मध्यम ते जड, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला बारीक सरळ नळीचा आर्म बहुधा हलका.

आता उदाहरणं. ऑर्टोफोन २एम रेडचं वजन ७.२ ग्रॅम, कॉम्प्लायन्स २०. टेक्निक्सच्या १२ ग्रॅमच्या आर्मवर बेरीज २० ग्रॅम. वीस गुणिले वीस चारशे, वर्गमूळ २०, उत्तर जवळपास ८ हर्ट्झ. काठावर, पण चालतं. तेच कार्ट्रिज जुन्या टीपी-१६ वर लावलं तर बेरीज २४.५ आणि उत्तर ७.२ हर्ट्झ. रेकॉर्ड सपाट असतील तर निभेल, वाकड्या असतील तर वूफरचे कोन आत-बाहेर पंप होताना दिसतील.

उलट बाजूने डेनॉन डीएल-१०३ घ्या. १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेबरोबर घडवलेलं हे कार्ट्रिज ८.५ ग्रॅमचं, आणि त्याचं रबर कडक. त्याचा दिलेला कॉम्प्लायन्स ५ आहे, पण तो १०० हर्ट्झवर मोजलेला. वरच्या सूत्राला १० हर्ट्झवरचा आकडा लागतो.

इथे थांबून वाचा. जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्झवरचा आकडा छापतात. तो दीड ते दोनने गुणून घ्या. "स्टॅटिक" असं लिहिलेलं असेल तर तो आकडा साधारण निम्मा करा. दोन्ही अंदाजच आहेत, पण न केल्यास होणारी चूक फार मोठी असते. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई चा आकडा १०० हर्ट्झवर ७ आहे. तो तसाच सूत्रात घातला तर टेक्निक्सच्या आर्मवर १३.८ हर्ट्झ येतात आणि चांगलं कार्ट्रिज तुम्ही नाकारता. रूपांतर करून १२ धरला तर १०.६ हर्ट्झ येतात, म्हणजे अगदी मधोमध.

डेनॉनसाठी आपण ९ धरू. टीपी-१६ वर उत्तर १०.४ हर्ट्झ, उत्तम. एसएमईच्या साडेसहा ग्रॅमच्या आर्मवर तेच १३.३ वर जातं. आवाज कोरडा आणि बारीक होतो, खालचा सूर जागा सोडतो, आणि लोक कार्ट्रिजला नावं ठेवतात.

हेडशेल सुटं असेल तर थोडी सोय करता येते. साडेसात ग्रॅमच्या हेडशेलऐवजी साडेबारा ग्रॅमचं लावलं की प्रभावी वस्तुमान जवळपास पाच ग्रॅमने वाढतं आणि कडक कार्ट्रिजला आधार मिळतो. हलका आर्म असा जड करता येतो; जड आर्म हलका करणं फारसं जमत नाही.

तपासणी : हेडशेल, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचं एकत्र वजन काउंटरवेटच्या मर्यादेत बसतं का? माहितीपुस्तिकेत ही मर्यादा दिलेली असते.

तपासणी : तबकडीजवळ छोटं चुंबक धरून पाहा. तबकडी लोखंडी असेल, जशी थॉरेन्स टीडी-१२४ ची मूळ ओतीव तबकडी, तर जोरदार चुंबकाचं मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (ज्यात सुईबरोबर तारेची गुंडाळी हलते) तिच्याकडे ओढलं जातं आणि सुईचा भार नकळत वाढतो. ग्राडो कंपनीच्या कार्ट्रिजना बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून वाचवणारं आवरण कमी असतं, अशी कार्ट्रिज मोटर जवळ आली की गुणगुणतात; रेकॉर्डच्या मध्याकडे जाताना गुणगुण वाढली तर कारण हेच.

## टप्पा ४ : प्रिअँपशी जुळतंय का

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (ज्यात सुईबरोबर चुंबक हलतं) साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं आणि त्याला प्रिअँपच्या तोंडाशी ४७ किलोओहमचा रोध, म्हणजे लोड, लागतो. प्रिअँपमध्ये सुमारे ४० डेसिबल गेन (संकेताची वाढ) पुरतो. कमी आउटपुटचं मूव्हिंग कॉइल ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देतं आणि त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. जुन्या अँप्लिफायरच्या फोनो तोंडाला ते नुसतं जोडलं तर आवाज क्षीण आणि सरसर जास्त. डीएल-१०३ घ्यायचं तर मूव्हिंग कॉइल प्रिअँप किंवा संकेताचं व्होल्टेज वाढवणाऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरून चला.

मूव्हिंग मॅग्नेट घेणाऱ्यांनी कपॅसिटन्सकडे (विद्युतभार साठवण्याच्या गुणाकडे) दुर्लक्ष करू नये. कार्ट्रिजमधली गुंडाळी आणि केबल-प्रिअँपचा कपॅसिटन्स मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार होतो. ५०० मिलिहेन्रीची गुंडाळी २०० पिकोफॅरडला जोडली तर हा उंचवटा १६ किलोहर्ट्झजवळ येतो. ४०० पिकोफॅरडला तोच ११ वर उतरतो, म्हणजे ऐन झांजांच्या भागात. कार्ट्रिज कर्कश वाटतं आणि दोष सुईवर जातो.

व्हीएम९५ साठी १०० ते २०० पिकोफॅरड सांगितलेले आहेत, २एम रेडसाठी १५० ते ३००. शुअर व्ही१५ च्या तिसऱ्या आवृत्तीला मात्र ४०० ते ५०० लागत. आर्ममधल्या तारा, बाहेरची केबल आणि प्रिअँपचा आत जाणारा कपॅसिटन्स यांची बेरीज करा. केबल बदलल्यावरही हीच बेरीज पुन्हा करा.

## टप्पा ५ : आता सुईचा आकार

या टप्प्यावर यादी आपोआप छोटी झालेली असते. उरलेल्यांत निवडताना माझा कौल स्पष्ट आहे : नावापेक्षा सुईच्या टोकाला पैसे द्या.

कारण साधं आहे. ३३ १/३ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे अर्धा मीटर धावते. मध्याजवळ, ६० मिलिमीटर त्रिज्येवर, ती २१ सेंटिमीटरवर येते. तिथे १० किलोहर्ट्झची एक लाट फक्त २१ मायक्रॉन लांब असते. साध्या गोल टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन. एवढं जाड टोक त्या लाटेत शिरूच शकत नाही, म्हणून शेवटच्या गाण्यातले "स" आणि "श" फाटतात. लंबगोल टोकाची कड ८ मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रोलाइन आणि शिबाटा टोकं त्याहून बारीक कडेची असतात आणि खाचेच्या भिंतीला उभ्या लांब पट्टीत टेकतात. शिबाटा हा आकार जेव्हीसीच्या चार चॅनेलच्या सीडी-४ पद्धतीसाठी आला, कारण तिथे ४५ किलोहर्ट्झपर्यंतचा संकेत वाचावा लागे.

अशा टोकांचं आयुष्यही जास्त. ऑडिओ-टेक्निकाचे अंदाज गोल टोकासाठी ५०० तास, लंबगोलसाठी ३००, शिबाटासाठी ८०० आणि मायक्रोलाइनसाठी १००० तास आहेत. पण बारीक टोक चुकीच्या बसवणुकीला क्षमा करत नाही. माप साधण्याचा धीर नसेल तर चांगली लंबगोल सुई घ्या. ती निवड मुळीच कमीपणाची नाही.

सुई बदलता येणाऱ्या कार्ट्रिजचा मोठा फायदा इथे कळतो. व्हीएम९५ च्या एकाच देहावर मालिकेतली कोणतीही सुई बसते. २एम रेडवर त्याच मालिकेतल्या ब्लूची सुई बसते. ब्राँझ आणि ब्लॅक ही वेगळी जोडी. तुमच्या टर्नटेबलवर जुनं चांगलं कार्ट्रिज आधीच असेल तर त्याच्यासाठी नवी, वरच्या दर्जाची सुई मिळते का ते आधी पाहा. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, तरी जपानची जिको कंपनी त्यांच्या सुया बनवते. कित्येकदा सगळी सुधारणा एवढ्यातच होते.

इशारा : "जुनी पण न वापरलेली" सुई घेताना जपून. हिरा टिकतो, रबर टिकत नाही. दशकानुदशकं डबीत पडलेलं रबर कडक होतं किंवा चिकट होऊन खचतं.

इशारा : ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डना ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाला घासते आणि खराब होते.

## टप्पा ६ : बसवण्याचा क्रम

साहित्य : ०.०१ ग्रॅम दाखवणारा सुईभार मापक, अलाइनमेंट प्रोट्रॅक्टर (सुईची जागा आणि कोन जुळवण्याची आखलेली पट्टी), पाणसळ, भिंग, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि टोकदार चिमटा. चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर चुंबकाला न चिकटणारे असतील तर फारच बरं.

१. अँप्लिफायर बंद करा. टर्नटेबल पाणसळीने सपाट करा. जुन्या कार्ट्रिजच्या तारांचा फोटो काढा आणि सुई हेडशेलमध्ये कुठे येत होती तेही टिपून ठेवा.

२. नव्या कार्ट्रिजची सुई निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. निघत नसेल तर टोपण लावूनच काम करा.

३. तारा जोडा : पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. क्लिप सैल असेल तर ती हातात घेऊन आधी किंचित दाबा, मग पिनेवर सरकवा. पिनेवर बसलेली क्लिप दाबू नका, आणि पिनेला कधीही डाग देऊ नका. आतली केसाएवढी तार वितळून तुटते.

४. स्क्रू हलकेच आवळा, कार्ट्रिज अजून सरकलं पाहिजे. सुई लावा आणि शिफारस केलेला भार साधारण ठेवा. भार न ठेवता माप घेणं ही नेहमीची चूक आहे. भार आला की दांडी दबते आणि टोक सरकतं.

५. प्रोट्रॅक्टरवर माप साधा. आर्मच्या कंपनीने स्वतःचं माप दिलं असेल तर तेच पाळा. टेक्निक्समध्ये हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. नसेल तर तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंचं प्रचलित माप वापरा. पाहायची ती सुईची दांडी. कार्ट्रिजची कड सरळ दिसली म्हणजे दांडी सरळ असेलच असं नाही.

६. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि माप पुन्हा पाहा. आवळताना ते हटकून हलतं.

७. भार पक्का करा, मापकाचा तळ शक्य तितका रेकॉर्डच्या उंचीला ठेवून. २एम रेडसाठी १.८ ग्रॅम, व्हीएम९५ साठी २. कमी भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज सोडा. हलकी सुई खाचेत उडते, आणि प्रत्येक उडीला भिंत खरवडते.

८. सुई रेकॉर्डवर असताना बाजूने बघा. आर्म रेकॉर्डला समांतर हवा. आर्मची उंची बदलत नसेल आणि कार्ट्रिज उंच असेल तर आर्मखाली चकती लागते. कार्ट्रिज ठेंगणं असेल तर कार्ट्रिज आणि हेडशेलच्या मधे पट्टी लागते. तिचं वजन टप्पा ३ च्या बेरजेत धरा.

९. छोटा आरसा ठेवून समोरून पाहा. दांडी आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत हवं.

१०. अँटिस्केटिंग भाराइतक्या आकड्यावर ठेवून सुरुवात करा.

उंची बदलली असेल तर पाचवी पायरी पुन्हा करा. कंटाळा येतो, पण ही दुसरी फेरी वगळणाऱ्यांनाच शेवटच्या गाण्याची तक्रार राहते.

## टप्पा ७ : ऐकून तपासणी

आधी मोनो रेकॉर्ड लावा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यावा. तो पसरट आणि पोकळ येत असेल, खालचे सूर गायब असतील, तर एका बाजूच्या दोन तारा उलट झाल्या आहेत. एक बाजू मुकी असेल आणि गुणगुण असेल तर क्लिप नीट बसलेली नाही. दोन्हीकडे सारखी गुणगुण असेल तर अर्थिंगची तार पाहा.

मग ओळखीच्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावा. "स" फक्त उजवीकडे फाटत असेल तर अँटिस्केटिंग थोडं वाढवा, फक्त डावीकडे फाटत असेल तर कमी करा. दोन्हीकडे फाटत असेल तर भार दशांश ग्रॅमने वाढवून पाहा, मर्यादेच्या आत राहून. तरीही फाटत असेल तर टप्पा ६ ची पाचवी पायरी. दुसऱ्या, तिसऱ्या रेकॉर्डवरही तपासा, कारण आधीच्या झिजलेल्या सुईने खरवडलेली खाच कोणत्याही कार्ट्रिजने बरी होत नाही.

शेवटी थोडी वाकडी रेकॉर्ड लावून सुईच्या दांडीकडे बाजूने बघा. आर्म वर-खाली होईल, ते ठीक. कार्ट्रिजचं पोट आणि रेकॉर्ड यांच्यातलं अंतर मात्र जवळपास सारखं राहायला हवं.

पहिल्या वीस-तीस तासांत रबर मोकळं होतं आणि कार्ट्रिज किंचित खाली बसतं. तेवढे तास झाले की भार आणि उंची पुन्हा मोजा, आणि तोपर्यंत आवाजाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नका.